खंडेनवमीचं विमान

तुंगार्ली, लोणावळे
ता. २९ ऑक्टोबर १९६९

ती. सौ. नंदाताईस,
हनुमंताचा नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. आधी ‘आम्ही’ लिहिलं होतं, मग ध्यानात आलं की घरात सध्या मी एकटाच आहे, म्हणून कागद बदलला. तुम्ही सर्व बरे असाल. दाजींचा खांदा कसा आहे? धरणाच्या कामावर जातात की भात निघेपर्यंत घरीच आहेत? आईला कामशेतहून पुढे गाडीत बसायला जागा मिळाली का, एवढं तरी तू कार्डावर कळवशील असं वाटलं होतं. कार्ड आलं नाही. कापणीच्या दिवसांत लिहायला सवड कुठली, हे मलाही कळतं.

तू पत्र मोठ्यानं वाचतेस आणि आई चुलीपुढे बसून ऐकते, हे मला ठाऊक आहे. म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. आईला सांग, बंगल्याची झाडलोट मी रेल्वेच्या शेडमधून आल्यावर करतो. शेटजींची मंडळी दिवाळीला मुंबईहून येणार आहेत. दाराच्या पितळी कड्या तिच्या हातच्यासारख्या चकचकीत होत नाहीत. ती चिंच लावते की राख, ते विचारून कळव. तुळशीला रोज पाणी घालतो. मांजर तिच्या वळकटीवर जाऊन बसतं. उठवलं तर माझ्याकडे बघतं आणि पुन्हा तिथेच बसतं.

माझ्या विमानाचं तुला आईनं सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर मी सांगतो. तुला आठवत असेल, शेटजींचा मुलगा सुट्टीत लाकडी विमानांची खोकी आणायचा आणि अर्धवट टाकून जायचा. ती मी पुरी करायचो. एक तर मी तळ्यावरून उडवलं होतं. तू पाण्यात उतरून ते आणलंस आणि परकर भिजवला म्हणून आईचा मार खाल्लास. मी झाडामागे उभा होतो. पुढे अण्णा गेले, माझी सातवी राहिली, शेडमध्ये खलाशी म्हणून लागलो आणि ते सगळं सुटलं.

भाद्रपदात शेटजी माळ्यावरच्या पेट्या उपसत होते. त्यात त्यांच्या मुलाचं एक न उघडलेलं खोकं निघालं. हे लाकडी नव्हतं, प्लॅस्टिकचं. लढाऊ विमान, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं. आतला वैमानिक एवढासा, की त्याचं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. शेटजी म्हणाले, तू करायचास ना लहानपणी, ने. मी नेलं. माझ्या बरोबरीच्यांची मुलं शाळेत जातात आणि मी खेळण्याचं खोकं सदऱ्याखाली लपवून मागच्या दारानं आलो.

मला वाटलं होतं, हात आपोआप चालेल. नाही चालला. शेडमध्ये पाने आणि हातोडे धरून बोटं जाड झाली आहेत. सूचनांचा कागद इंग्रजीत. मी शब्द लावत लावत वाचला, तरी पहिल्याच दिवशी डावीकडचं चाक उजवीकडे चिकटवलं. खोक्यातल्या नळीतला डिंक दगड झाला होता. शेडमधल्या हौशीराम पेंटरनं युक्ती सांगितली. भाग तोडून उरलेल्या प्लॅस्टिकच्या काड्या थिनरमध्ये विरघळवून मी डिंक केला. तो वैमानिकावरच्या काचेच्या झाकणावर सांडला, मी घाईनं पुसायला गेलो, आणि माझा अंगठा त्या काचेत कायमचा उमटला. आई म्हणाली, “बरं झालं की. तू बी अंगठाबहाद्दर झालास माज्यासारखा.” तेव्हा मीही हसलो होतो.

शेपटीचं चाक तर जमिनीवर पडलं आणि गेलंच. मसुरीच्या डाळीएवढं ते. मी कंदील घेऊन रांगत होतो. आईनं मला बाजूला केलं, सारी खोली झाडली, केर सुपात घेतला आणि अंगणात बसून पाखडला. चाक सुपाच्या टोकाला आलं. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतून आपला जुना लाकडी करंडा काढून दिला. म्हणाली, “ह्यात ठेव बारीकसारीक. तसा बी मला काय उपेग त्याचा.” आत एका कप्प्यात अजून थोडं जुनं कुंकू होतं. ते न पुसता मी दुसऱ्या कप्प्यात भाग ठेवले.

असं करत विमान पुरं झालं. हौशीरामनं डब्याच्या तळाशी राहिलेला चांदी रंग दिला, तो लावला. खंडेनवमीला शेडमधले आमच्या वरचे नवे चार्जमन साहेब पत्नीसह बघायला आले होते. चहा झाला. सगळं ठीक झालं.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. खाली रेघ मारली आहे. रेघेखालचं तुझ्यापुरतं.

———

ताई, सगळं ठीक झालं नाही. आई कापणीचं निमित्त करून तुझ्याकडे आली आहे. ती का आली हे तिनं तुला सांगितलं नसेल, हे मी पैजेवर सांगतो. तिनं सांगितलं असतं तर तुझं कार्ड आलं असतं आणि मला ते उघडायला भीती वाटली असती.

चार्जमन साहेबांना अशा विमानांची आवड आहे. मुंबईला असताना त्यांनी पुष्कळ केली होती. हौशीरामकडून त्यांना माझं कळलं आणि ते स्वतः माझ्या कामाजवळ येऊन उभे राहिले. खलाशाशी कोण साहेब एवढं बोलतो? त्यांनी विचारलं, कुठे राहतोस. मी म्हणालो, तुंगार्लीला बंगल्यात. मागच्या दोन खोल्यांत, असं म्हणालो नाही. ते म्हणाले, सुट्टीच्या दिवशी बघायला येऊ.

मग मला ते निभवावं लागलं. मी आईकडे बंगल्याच्या किल्ल्या मागितल्या. ती देईना. “शेटजींच्या खुर्च्या हायत त्या, आपल्या न्हाईत,” म्हणाली. मी म्हटलं, तासाभराचा प्रश्न आहे, पुसून ठेवतो. शेवटी तिनं दिल्या. मी व्हरांड्यातल्या वेताच्या टेबलावर विमान मांडलं. साहेबांना आणायला नाक्यावर निघालो तेव्हा ती घरात पाटावर माझे पाने आणि अण्णांचं खुरपं मांडत होती. तिनं विचारलं, “त्ये इमान बी पूजंला घ्यायचं न्हवं? लढाईचं हाय म्हन्जी हत्यारच की.” मी सदऱ्याची बटणं लावत होतो. मी हो म्हणालो. ताई, मी ऐकलंच नव्हतं, पण हो म्हणालो होतो.

अण्णा गेल्यापासून आईनं कुंकवात बोट बुडवलेलं तू पाहिलंस का? मी नाही पाहिलं. देवांनाही मीच वाहतो. खंडेनवमीची पूजाही दरवर्षी मीच करतो आणि ती उंबऱ्याशी उभी राहून सांगते. त्या दिवशी मी घरात नव्हतो आणि मुहूर्त टळत होता. माझी हत्यारं बिनपूजेची राहू नयेत म्हणून तिनं स्वतः कुंकू घेतलं. पान्यांना लावलं, खुरप्याला लावलं, आणि व्हरांड्यात येऊन विमानाच्या दोन्ही पंखांना लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं.

रंग ओला होता. कुंकू त्यात बसलं. हळदही.

आम्ही फाटकातून आलो तेव्हा ती ताट हातात घेऊन टेबलाशीच उभी होती. नऊवारी खोचलेली, पाय अनवाणी. साहेबांच्या पत्नीनं पंखाला बोट लावून पाहिलं, हे लाल काय म्हणून. साहेब हसून म्हणाले, “तुमच्या कामवाल्या बाईंनी पूजा केलेली दिसते.” त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते ते बोलले. मी फक्त म्हणायचं होतं, ती माझी आई.

मी म्हणालो, “हो, बाईनं केलं. तिला काय कळतं.”

एवढ्यावरच थांबलो असतो तरी बरं होतं. मी रॉकेलची चिंधी घेतली आणि तिच्यासमोर ते कुंकू पुसायला लागलो. ते निघेना, साऱ्या पंखावर फरफटलं. मी जोरानं घासत होतो. अण्णांना नेलं त्या दिवशी बायकांनी आईचं कपाळ पुसलं होतं, तेव्हा तू तिच्याजवळ होतीस आणि मी दारात होतो. ते मला चिंधी हातात असतानाच आठवलं. तरी मी घासत राहिलो, कारण थांबलो असतो तर साहेबांनी का थांबलास म्हणून विचारलं असतं.

 आई ताट घेऊन मागे गेली. थोड्या वेळानं शेटजींच्या कपांतून चहा घेऊन आली. डोक्यावरून पदर घेतला होता. साहेबांना दिला, बाईंना दिला, मग माझ्यापुढे आली आणि खाली बघून म्हणाली, “घ्या, साहेब. चुकलं माजं. तुमी रागावू नका.”

ताई, टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मला कळला असता, तिचे टोमणे मी लहानपणापासून ऐकतो आहे. माझं खोटं साहेबांसमोर उघडं पडू नये म्हणून ती बोलली. मी कप घेतला आणि तो चहा प्यायलो.

 साहेब गेल्यावर तिनं व्हरांडा पुसला, खुर्च्या जागेवर लावल्या, मला वाढलं. दसऱ्याला सकाळी गाठोडं बांधून म्हणाली, नंदीकडं जाते, भात आडवं झालं आसंल. मी राहा म्हणालो नाही. सोनं द्यायची आपट्याची पानं मी आणून ठेवली होती, तीही दिली नाहीत, पाया पडलो नाही. ती फाटकाबाहेर गेली तेव्हा मला हायसं वाटलं. हे वाक्य मी गाळणार होतो.

आता पुढचं ऐक. हौशीरामला मी विमान दाखवलं, आईनं कसा सत्यानाश केला ते बघ म्हणून. होय, त्यानंतरही मी तेच म्हणत होतो. त्यानं पंखाला हात लावला. विचारलं, रंग पातळ कशात केला होतास. मी म्हटलं, घासलेटात. तो म्हणाला, “टरपेंटाइन सोडून घासलेट? मंग त्यो दिवाळीपत्तुर वाळत न्हाई, गड्या. कुंकू नसतं तर धूळ बसली आसती.” म्हणजे मी साहेबांना चकचकीत चांदीचं विमान दाखवणार होतो ते असं. रंग माझ्या हातानं बिघडला होता. आईचं कुंकू त्यात नुसतं बसलं.

मी ते पुष्कळ दिवस मनात धरून हिंडलो. आज सकाळी शेडमध्ये साहेब एकटे सापडले. मी टोपी काढून सांगितलं की मी बंगल्यात नाही, मागे राहतो, आणि त्या दिवशी जिनं चहा दिला ती माझी आई. मला वाटलं, रागावतील, निदान हसतील.  त्यांनी हळूच विचारलं, “मग त्या तुला साहेब का म्हणाल्या?”

मी टोपी परत डोक्यावर घातली. ते कामाला लाग म्हणाले. दिवसभर मी एकच नट पुन्हा पुन्हा आवळत होतो. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी तुला वर लिहिलं आहे.

विमान फळीवर आहे. हौशीराम म्हणाला, पंख घासून देतो, नव्यासारखे होतील. मी नको म्हटलं. आता रंग वाळत आला आहे आणि कुंकू त्यात पक्कं झालं आहे, जिथे मी फरफटवलं तिथे फिकट आणि जिथे तिचं बोट टेकलं तिथे गडद. आई म्हणाली तर घासून काढीन. नाही म्हणाली तर राहील.

ताई, रेघेखालचं तुझ्यापुरतं असं मी वर लिहिलं, ते मोडतो. रेघ खोडत नाही, खाडाखोड मला आवडत नाही हे तुला माहीत आहे. पण रेघेखालचंही वाच. दाजी घरात असताना वाच, सासूबाई बसल्या असल्या तर त्यांच्यासमोरही वाच, एक शब्द गाळू नकोस. मी तिला परक्यांसमोर नाकारलं. मग एकटीच्या कानात सांगून कसं चालेल?

येत्या रविवारी मी पहिल्या गाडीनं निघतो. आपट्याची पानं वाळली आहेत, तीच घेऊन येतो. तिनं लगेच परत यावं असं मी म्हणणार नाही. भात निघेपर्यंत मीही कापायला राहीन, साहेबांनी रजा दिली आहे. तिला बोलू नये वाटलं तर तिनं बोलू नये. फक्त मला अहो म्हणू नकोस, एवढं तिला माझ्या वतीनं सांग. हणम्या म्हण, मेल्या म्हण, तळ्याकाठी तुला दिला होता तसा मार दे म्हणावं. या वेळी मी झाडामागे उभा राहणार नाही.

दाजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
अंबूबाईचा मुलगा
हनुमंत