साक्षीदाराला काही मिळत नाही

मी, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय वकिली, राहणार ऑफिसवरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र राजीखुशीने करतो. शरीर थकलंय, डोकं ठिकाणावर आहे. मी सांगतो, पुतण्या लिहून घेतो.

१. माझे लष्करी बूट, मला वर्षभर ‘सेनापती’ म्हणून चिडवणाऱ्या आणि पुढे न्यायाधीश झालेल्या माझ्या उमेदवारीतल्या सोबत्याला. त्याला ते बसणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

२. हे ऑफिस आणि माझी अशिलं पुतण्याला. गेल्या महिन्यात तो लष्करातून सुटून आला. वकिलीची राहिलेली उमेदवारी त्याने इथेच पुरी करावी.

इथे त्याने पेन खाली ठेवलं. “काका, हे नको. तीन वर्षं बंदूक घेऊन उभा होतो, वाचलेलं सगळं उडालं. माझ्याच्याने नाही होणार.”

“तू लिही रे.”

“लिहितो. पण साक्षीदार म्हणून मीच सही ठोकतो. ज्याला मिळायचं तोच साक्षीदार, म्हणजे कलम रद्द!”

मला रडू आलं. तेही लिहायला लावलं.

३. वरच्या खोल्या एका सुताराच्या मुलीला. कारण असं. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी मला सक्तीने लष्करात नेलं. चार वर्षांनी परतलो, तेव्हा साधा अर्ज लिहिता येईना. तरी आमच्या वकीलसाहेबांनी माझी खुर्ची राखली होती. पहिलं काम दिलं ते या सुताराचं मृत्युपत्र: घर बायकोला, उरलेलं भावाला. एक साक्षीदार कमी पडला, म्हणून मी बायकोचीच सही घेतली. नियम पार विसरलो होतो. सुतार गेला, तिचं कलम रद्द झालं, घर दिराच्या घशात गेलं. चूक साहेबांनी अंगावर घेतली आणि मी गप्प बसलो. ती बाई मरेपर्यंत मला ‘भाऊ’ म्हणायची. अजून लाज वाटते.

पोरा, मला जे आठवलं नाही, ते तुला रागातसुद्धा आठवलं. तरीही नको असेल, तर दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी आहे. खुशाल सही कर. मी बोलणार नाही.

वरील मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे. दोघा साक्षीदारांसमोर सही करतो.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार:
१. (सही) शेजारचे दातांचे डॉक्टर
२. (सही) कोर्टासमोरच्या टायपिस्ट बाई. यांना पुतण्या स्वतः जाऊन घेऊन आला.

स्थळ: ऑफिसची आतली खोली
तारीख: ९ मार्च, सोमवार