गोठ्यातली मास्तरीणबाई

माझ्या आक्कास,

कुशल विचारायची सोय आता उरली नाही, म्हणून थेट सांगते. काल तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली. आपला दादा अध्यक्षांच्या शेजारी बसला होता. तुझ्या फोटोला हार त्यानेच घातला आणि म्हणाला, आमच्या घराचं भूषण गेलं. हे तुला नाही तर कुणाला लिहू?

भूषण! कोवळ्या वयात तू विधवा होऊन घरी आलीस, तेव्हा हाच दादा म्हणाला होता की हिला मागच्या खोलीत ठेवा. अण्णांनी ऐकलं नाही, त्याचंही नाही आणि गावाचंही नाही. पोटच्या पोरीला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात पोचवून आले.

मग दाभोळ, संगमेश्वर, शेवटी रत्नागिरी. मुलींच्या शाळांत तुझा जन्म गेला. भादव्यात तू मुलींना सड्याच्या उघड्या माळावर न्यायचीस, कातळावर उगवलेली नखाएवढी जांभळी फुलं दाखवायला. पालक कुरकुरायचे, की ही बाई शिवण शिकवायचं सोडून पोरींना रानात हिंडवते. तू शिवणही शिकवायचीस, आणि रुमालावर तीच फुलं काढून घ्यायचीस. पोरींच्या आयांनी ते रुमाल पेटीत जपून ठेवले, पण तक्रार काही थांबवली नाही.

पेन्शनीत निघालीस तेव्हा मी म्हटलं होतं, माझ्याकडे ये. बहिणीच्या सासरी राहणं बरं दिसत नाही, म्हणालीस आणि दादाकडे गेलीस. कुणाला बरं दिसत नाही गो, आक्का? दुसऱ्यांच्या मुलींना ताठ उभं राहायला शिकवलंस, आणि स्वतः लोकांच्या डोळ्यांना भ्यालीस?

पडवीच्या एका कोपऱ्यात तू आपला पसारा मांडलास. भाट्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले, काथ्या, वाऱ्याने पडलेलं सुगरणीचं घरटं. काथ्याचे पक्षी करायचीस, शिंपल्यांची तोरणं. आळीतल्या पोरी भोवती बसायच्या. तोवर दादा काही बोलला नाही.

बोलला तो सखूवरून. सखू बुरडीण सुपं विकायला यायची. तिच्या हातातली वीण बघून तू हरखलीस, तिला घरापुढच्या खळ्यात बसवून घेतलंस आणि तिच्याशेजारी, तिच्याच चटईवर बसून परड्या विणायला शिकू लागलीस. वहिनीने तुझं ताट वेगळं केलं. दादाने तुझा सगळा पसारा उचलून गोठ्यात नेऊन टाकला. हे धंदे करायचे तर तिथे कर, म्हणाला.

तू भांडली नाहीस. सामानामागून आपलं अंथरूणही गोठ्यात नेलंस. मी दादाला जाब विचारायला निघाले, तर माझा हात धरलास. "राहू दे गो यमू. इथे उजेड चांगला येतो."

पावसाळ्यात त्या ओलीने तुला खोकला धरला. हिला कोरड्या खोलीत हलवा, असं वैद्यांनी बजावलं. वहिनी हो म्हणाली आणि कुणीच काही केलं नाही. मी न्यायला आले तर तुझ्यात उठायची ताकद राहिली नव्हती. तिथेच, गाईच्या दावणीशेजारी, तू गेलीस. उशाशी मी होते आणि सखू. दादा दारातून बघून परत फिरला.

हल्ली तो सभांतून बोलतो, शिवाशीव सोडा म्हणून. गावात त्याला मान आहे. काल टेबलावर तुझी परडी ठेवून तो सांगत होता, की आमच्या भगिनीने कुठलंच काम हलकं मानलं नाही आणि आम्हीही तिला कधी अडवलं नाही. तुझ्या गप्प राहण्याला त्याने सोशिकपणा म्हटलं. लोकांनी डोळे पुसले. सखू तेव्हा दाराबाहेर, पायरीखाली उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही.

मी उठले. चार माणसांत बोलायची मला सवय नाही, तरी बोलले.

"दादा, आक्का गोठ्यात वारली, ते सांगायचं राहिलं."

दादाने आधी लोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दुःखाने तिचं डोकं ठिकाणावर नाही," तो शांतपणे म्हणाला. लोकांनी माना हलवल्या. दोघी बायकांनी मला धरून खाली बसवलं. बाहेर येऊन बघते तो सखू निघून गेली होती.

आज सकाळी दादाचा निरोप आला. माझं माहेर संपलं, सणावारीही येऊ नये. हे म्हणतात, जाऊन माफी मागून टाक. मी भाकऱ्या थापत राहिले.

तुझ्यावरही राग आहे माझा. तू एकदा, एकदाच तोंड उघडलं असतंस, तर काल मला वेडी ठरवणं त्याला इतकं सोपं गेलं नसतं.

तू त्याला माफ केलं असशील. मी करणार नाही. ते वचन माझ्याकडे मागू नकोस.

दुसरं एक देते. माझी शांता यंदा ट्रेनिंगला जाणार. तिच्या वडिलांनी नको म्हटलं तरी जाणार. पण पाठवण्याआधी जे तू कुणालाच शिकवलं नाहीस ते मी तिला शिकवीन. नाही म्हणायला. कुणी अडवलं की पहिल्याच दिवशी, आणि शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

तुझी,
यमू