जटांचा अर्ज

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं, सोबत जेलचा छापील अर्जही. पत्रभर एकच विचारणा, जटा राहतील ना? तिथे केस कॉलरच्या वर हवेत, आणि जटा ठेवायच्या तर त्या श्रद्धेने वाढवल्यात असं आईने कळवायला हवं, नाहीतर सरळ मशीन फिरवतात. समजलं. आईला बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. तिच्या हाताबद्दल तू अवाक्षर लिहिलं नव्हतंस. म्हणून वाचताना मीच मधे घातलं, की हात कसा आहे म्हणून दादाने विचारलंय. दिवसभर खुशीत होती बिचारी.

तिचा निरोप आधी लिहिते. जटा पंधरा दिवसांतून एकदाच धू, साबण आत राहू देऊ नकोस. घट्ट पिळ आणि उन्हात बसून आतपर्यंत वाळव, ओल्या डोक्याने झोपलास तर बुरशी धरते. मुळाशी नवे केस सुटले की तळहातांत वळून घे, तेल अजिबात नको. झडतीला शिपाई एकेक जट चाचपतात म्हणे, तेव्हा मान खाली घालून गप्प बस. सात वर्षं दर रविवारी ती तुला पुढ्यात घेऊन जटा वळून द्यायची. आठवडाभर शिंप्याकडे काजं करून बोटं सुजलेली असायची, तरीही. मी वेणी घालून मागितली की म्हणायची, तुझे हात मोडलेत का? मला तुझा फार हेवा वाटायचा.

आता तिच्या उजव्या हाताची मूठ मिटत नाही. काजं मी करते. ती खिडकीशी बसून डाव्या हाताने मांडीवर लोकरीचा धागा वळत असते. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, तो येईपर्यंत एका हाताने जमायला हवं.

तुझी एक जट आतून सडली होती, घरभर वास. तू झोपलेला असताना तिने ती कापली, एवढाच तिचा गुन्हा. तिचा हात चौकटीवर होता आणि तू दार आपटलंस. पहिल्यांदा चुकून, असं मी आजही धरून चालते. दुसऱ्यांदा बघून आपटलंस. कोर्टात ती म्हणाली, वाऱ्याने आपटलं. तुझ्या केसालाही धक्का लागू नये म्हणून ती खोटं बोलली, मी खरं बोलले, आणि वैरीण मी ठरले. महिनाभर ती माझ्याशी बोलत नव्हती. घास मात्र मीच भरवत होते.

अर्जावर दोन रकाने होते, श्रद्धा आणि हौस. आई म्हणाली, श्रद्धेवर खूण कर. मग डावा अंगठा शाईत बुडवून तिने नीट दाबून उठवला आणि पुसट तर नाही ना, म्हणून दोनदा विचारलं. मी म्हटलं, छान उठलाय. खूण मी हौसेवर केली होती. केसाने गळा कापला म्हणशील, तर म्हण. अर्ज सोमवारीच पोचलाय, म्हणजे हे वाचताना तुझं डोकं हलकं झालेलं असेल. आईला मात्र दर महिन्याला लिहीत जा, की जटा छान आहेत, उन्हात वाळवतो. नाही लिहिलंस तरी काही अडणार नाही. वाचून मीच दाखवते.

तुझीच,
चिमी