डॉक्टरांचं ‘मांडी बंद’

पिंके, माझी बाय,

खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजी, आता मांडी बंद." म्हणून मी रोह्याला येत नव्हते गो. पणतू झाला आणि मांडीवर घ्यायचा नाय, मग यायचं कशाला? काल व्यायाम शिकवणाऱ्या भाविकाला रडत सांगितलं, तर ती हसून बेजार. "आजी, जमिनीवर मांडी घालायची नाय! खुर्चीत बसून बाळ घ्या की मांडीवर."

आज वॉकर सोडून काठीवर एसटी स्टँडपर्यंत चालले. वाटेत पापडवालीने दोनदा गप्पांना थांबवलं, ते वेगळं.

हे पत्र टाकत नाय. पिशवीत घालून उद्या मीच येतेय. दारात पाणी नको विचारू. आधी उंच खुर्ची, मग बाळ.

तुझी मांडीवाली आजी,
पेण