टाकी भरल्याचं टाकीनंच सांगावं

अमरावती,
दि. १२ जुलै २०२५

ती. भागिरथा आत्यास,

धम्मदीपाचा सविनय जयभीम. वि. वि. मी इकडे मजेत आहे, तुम्ही तिकडे तसेच असाल असं धरून चालते. बाबांना फोन केला की ते तीन वाक्यांत सगळं गाव उरकतात. तुला ऐकू येत नाही, आणि मेसेज केला तर तू उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून हा कागद.

बातमी अशी की दुसऱ्या वर्षाला डिजिटल सर्किट हा विषय सुरू झाला आणि मी त्यात पार बुडाले आहे. पहिल्या तासाला नवीन सरांनी सगळ्यांच्या हातावर एकेक चिप ठेवली. भुईमुगाच्या शेंगेएवढी, काळी, चौदा पायांची. म्हणाले, हिला फक्त दोन गोष्टी कळतात, वीज आहे किंवा नाही. आहे म्हणजे एक, नाही म्हणजे शून्य. तिसरं काही नाही, थोडंफार नाही, बघू-सांगू नाही.

तिच्यात जी बारकी सर्किटं असतात त्यांना गेट म्हणतात. एक गेट 'आणि'चं. दोन्ही तारांत वीज असेल तरच ते पुढे वीज सोडतं. लिफ्टचं दार बंद आणि बटण दाबलेलं, तरच लिफ्ट हलते, तसं. दुसरं 'किंवा'चं, त्याला दोनपैकी एक पुरतं. तिसरं 'नाही'चं, ते प्रत्येक गोष्ट उलटी सांगतं, आपल्या बाबांसारखं. या तीन गेटांवर सगळं चाललंय, आत्या. रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, डेअरीत दुधाची फॅट सांगणारा डबा, घराबाहेरचं मीटर, तुझा मोबाईल. आत उघडून पाहिलं तर हेच 'आणि', 'किंवा', 'नाही', फक्त कोट्यवधी.

एक खरं सांगते. वर्गात सगळं इंग्रजीतून चालतं आणि माझं निम्मं हुकतं. पहिल्या चाचणीत वीसपैकी सात पडले. पण हे तुला लिहिता लिहिता मला आत्ता नीट समजलं. तेव्हा मी लिहीत राहीन, तू कंटाळू नको.

आईला जयभीम सांग. तुझी माया आहेच, तिच्यात खंड पडू देऊ नको.

तुझी,
धम्मदीपा


बोरमाळ, ता. वाशिम
दि. १९ जुलै २०२५

चि. धम्मदीपास,

आत्याचा जयभीम अन् पोटभर आशीर्वाद. तुह्यं पत्र भेटलं. मी ते दोनदा वाचलं, मंग तुह्या बापाले, रवीले, वाचाले देल्लं. तो म्हणे मी काहून उलटं सांगीन. म्हंजे तुह्यं बरोबरच आहे.

सात मार्काचं मनावर घेऊ नको. पण लपवलं नाई हे बरं केलं.

आता इकडचं. तुले माहीत आहे, गावाच्या पाण्याची मोटर अकरा वर्षं झाले मी चालवून राह्यली. पयले टाकी भरली की वरच्या पायपातून पाणी पडाचा आवाज खाली इहिरीपाशी यायचा, अन् मी मोटर बंद कराची. तीन वर्षांखाली तो ताप आला अन् कान गेले. मशीन घालून पाह्यली, डॉक्टर म्हणे नसच गेली. तवापासून मी घडीघडी टेकाड चढून टाकीत डोकावतो. चुकते कधी कधी. गेल्या बुधवारी टाकी वाहून गेली अन् टाकीखाली राहणाऱ्या रुखमाबाईचं ढोरायसाठी ठेवलेलं सारं कुटार भिजलं. जून महिन्यात इहीर खाली झाली तरी मोटर चालूच राह्यली अन् जळाली. हे दोन्ही माह्याच हातून झालं.

काल ग्रामपंचायतीची सभा झाली. उपसरपंच गुलाबसिंग राठोड मले पाटीवर लिहून सांगत होता. त्यानं लिहिलं का ताई, तुमचा राग नाई, पण मोटरची किल्ली आता कान असलेल्या माणसाले द्या लागन. पोळ्यानंतरच्या सभेत ठरवू म्हणे. तो वाईट माणूस नाई, पोरी. बोलता येते मले, पण त्या येळी मी किल्ली कमरेले खोचून उठून आली.

घरी येऊन तुह्यं पत्र आणखी वाचलं. तुह्या चिपेले दोनच गोष्टी कळतात म्हणतं. मले बी दोनच पायजे. टाकी भरली का नाई, इहिरीत पाणी आहे का नाई. हे तिले इचारता येईन का? येत असन तं लिही, अन् असं लिही का मले समजलं पायजे. नुसतं आणून बसवून देल्लं अन् मले काही कळलं नाई, तं ते माह्या काय कामाचं.

तुही,
भागिरथा आत्या

जेवत जाय. मेसच्या भाजीले नावं ठेवून उपाशी राहू नको.


अमरावती,
दि. २४ जुलै २०२५

ती. आत्यास सविनय जयभीम.

येईल. विचारता येईल. तुझं पत्र वाचून मी मेसमधलं ताट तसंच ठेवून खोलीकडे पळाले, त्याबद्दल रागावू नको.

हे बघ. टाकीच्या तोंडाशी एक तरंगणारा गोळा लावायचा. पाणी वर आलं की गोळा उचलला जातो आणि तारेत वीज येते, म्हणजे एक. तसाच एक गोळा विहिरीत. बुडाशी पाणी असेपर्यंत तो उचललेला राहतो, म्हणजे एक. तिसरा प्रश्न तुझा स्वतःचा, तू बटण सुरू ठेवलंय का. आता गेटाला सांगायचं, विहिरीत पाणी आहे आणि टाकी भरलेली नाही आणि बटण सुरू आहे, तरच मोटर.

तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरं, म्हणून एकूण आठ तऱ्हा होतात. सोबतच्या कागदावर मी आठ ओळी आखल्या आहेत. प्रत्येक ओळीत तीन उत्तरं लिहिली आहेत, शेवटचा रकाना रिकामा आहे. तिथे मोटर चालावी की नाही ते तू भर. मी भरून देणार नाही. आमचे सर म्हणतात, सर्किट आधी अशा तक्त्यात तयार होतं, चिप-तारा नंतर.

एक सांगते, चिपेची वीज अगदी लहान, पाच व्होल्टची. ती मोटर फिरवत नाही. ती फक्त रिले नावाच्या छोट्या स्विचला हुकूम देते, रिले स्टार्टरला, आणि स्टार्टर मोटरला. स्टार्टरचं काम वायरमन खेमाकाकाच करतील. तू आणि बाबांनी स्टार्टरची पेटी उघडायची नाही. बाबांना तर पेटी दाखवूसुद्धा नको.

सरांना विचारून हाच माझा प्रकल्प म्हणून घेतला. तक्ता लवकर पाठव, आणि एक नक्कल तुझ्याजवळ ठेव.

तुझी,
धम्मदीपा


बोरमाळ,
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. धम्मदीपास अनेक आशीर्वाद अन् जयभीम.

तक्ता भरून सोबत धाडला आहे. आठ ओळीतून एकाच ओळीत मोटर चालते, सात ओळीत नाई. तुही चिप मोठी नकार देणारी निघाली.

पण तुह्या सर्किटात खोट आहे. कसं समजलं ते सांगतो.

तक्ता भरला तं मले वाटलं, खरंच असं चालते का हे पाह्याचं. म्हून मीच सर्किट झाली. टाकीत तोंडाशी एक रिकामा डबा दोरीनं सोडला, अन् रुखमाबाईले टेकाडावर बसवलं. कुटार भिजल्यापासून ती माह्याशी बोलत नव्हती, पण हे आयकून आली. डबा वर आला का तिनं लाल लुगडं दाखवाचं, खाली गेला का लुगडं खाली कराचं. मी खाली स्टार्टरपाशी. सोताचं डोकं लावाचं नाई, फक्त तक्त्यात पाह्याचं अन् तसं कराचं, असं ठरवलं.

टाकी भरली, लाल लुगडं दिसलं, मी मोटर बंद केली. तिकून कोनंतरी नळ सोडला. पाणी दोन बोटं उतरलं, डबा खाली, लुगडं खाली. तक्ता म्हणे टाकी भरलेली नाई, मोटर चालू. केली. एका मिनिटात आणखी भरली. बंद केली. आणखी दोन बोटं उतरलं. अर्ध्या घंट्यात अकरा येळा चालू-बंद झालं. मंग खेमा धावत आला, माहा हात धरला अन् पाटीवर लिहिलं का भागिरथाबाई, मोटर जाळता का.

मी लय येळ तिथंच बसून इचार केला. मी रोज हातानं करतो तवा असं काहून होत नाई? तं मले समजलं. मी एकदा टाकी भरली म्हटलं का ते ध्यानात ठेवतो. पाणी अर्ध्याच्या खाली जाईपर्यंत मोटरले हात लावत नाई. अन् एकदा भरणं सुरू केलं का पूर्ण भरेपर्यंत थांबत नाई. पाणी मधात असलं तं मी काय करन, हे त्या येळच्या पाण्यावर नसते. मागं काय झालं त्यावर असते. तुह्या सर्किटले मागचं काहीच ध्यानात राहत नाई. त्याले आत्ताचंच दिसते.

टाकीले दोन गोळे लागतीन, एक वर, एक अर्ध्याच्या खाली. अन् त्या चिपेले ध्यानात ठेवणं शिकवा लागन. ते होते का, इचार तुह्या सरले. नसन होत तं तसं सांग, मी गुलाबसिंगले किल्ली देऊन देईन. पण मले वाटते होत असन.

रुखमाबाई आता रोज इचारते, लुगडं घेऊन कधी येऊ.

तुही,
आत्या


अमरावती,
दि. ८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास धम्मदीपाचा जयभीम. वि. वि. हे पत्र मी वर्गातच लिहायला घेतलंय, अक्षर हललं तर समजून घे.

तुझं पत्र सरांना दाखवलं. ते उभ्यानेच वाचत होते, मध्येच खुर्चीत बसले. मग म्हणाले, पुढचा धडा आता पुस्तकातून शिकवायचा नाही. तुझं पत्र वर्गात मोठ्यानं वाचायला लावलं, वऱ्हाडीतच. लाल लुगड्याला सगळे हसले. पण मागचं काहीच ध्यानात राहत नाही हे वाक्य आलं तेव्हा सरांनी हात वर करून थांबवलं आणि फळ्यावर ते जसंच्या तसं लिहिलं. म्हणाले, सर्किटांचे दोनच मोठे वर्ग असतात, आत्ताचं पाहणारी आणि मागचं ध्यानात ठेवणारी. हा फरक या बाईंनी स्वतः सर्किट होऊन शोधून काढला.

आत्या, ध्यानात ठेवणारं सर्किट असतं. त्याला लॅच म्हणतात. 'किंवा'च्या पुढे 'नाही' जोडलेली दोन गेटं घ्यायची. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला प्रश्न म्हणून द्यायचं, दुसऱ्याचं पहिल्याला. बस. मग ती एकमेकांना धरून ठेवतात. खालच्या गोळ्यानं 'भर' सांगितलं की ती 'भर'वर जाऊन बसतात. पाणी थोडं वर चढून गोळा गप्प झाला तरी हलत नाहीत. वरच्या गोळ्यानं 'पुरे' सांगितलं की मगच दुसऱ्या बाजूला जातात. मोबाईलमधला प्रोसेसर चालतो तोसुद्धा आत अशाच अगणित जोड्यांच्या जोरावर.

काल प्रयोगशाळेत मी ते जोडलं. दोन बटणं, एक दिवा. पहिलं बटण दाबलं, दिवा लागला. बोट उचललं. दिवा लागलेलाच राहिला. कितीतरी वेळ मी त्याच्याकडे बघत उभी होते. चार तारा आणि एक चिप, आणि मी आत्ता काय केलं हे तिच्या लक्षात होतं. दुसरं बटण दाबलं तेव्हा विझला. शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी येऊन प्रत्येकीनं एकदा दाबून पाहिलं.

पोळ्याला येते आहे. सर्किटची पेटी, तीन गोळे आणि तारेचं भेंडोळं बरोबर असेल. खेमाकाकांना शनिवार मोकळा ठेवायला सांग. सोमवारी मला परत निघावं लागेल, परीक्षा आहे, म्हणजे सभेला मी नसणार. तेव्हा या दोन दिवसांत पेटीतली एकेक तार तू माझ्याकडून समजून घ्यायची.

तुझी,
धम्मदीपा


बोरमाळ,
दि. ३१ ऑगस्ट २०२५

चि. धम्मदीपास आत्याचा जयभीम अन् खूप खूप आशीर्वाद.

तू गेल्यापासून सहा दिवस पेटी नीट चालली. काल सभा झाली. शाळेच्या वऱ्हांड्यात साठ-सत्तर माणसं होते. मी नवा तक्ता मोठ्या कागदावर काढून भिंतीले लावला होता. रवी म्हणे मी बोलतो तुह्याकून. मी म्हटलं, तू उलटं बोलशीन, बस खाली.

मी उभी राह्यली. आवाज किती मोठा निघून राह्यला ते मले समजत नाई, म्हून रुखमाबाईले समोर बसवलं होतं. ती हात वरखाली करून सांगे. गोळे सांगतले, गेट सांगतले, ती एकमेकाले धरून ठेवणारी जोडी सांगतली. माणसं आयकून राह्यले होते, तोंडावरून दिसते ते.

मंग गुलाबसिंगनं पाटीवर एक सवाल लिहिला. लाईन गेली अन् परत आली, तं तुमची जोडी मागचं इसरून जाईन. उठल्यावर ते काय बी म्हणन. मंग?

पोरी, हे तू मले सांगतलं नव्हतं. सारे माह्याकडं पाहत होते. मी तक्त्याकडं वळली अन् एकेक ओळ बोटानं धरून पाहत गेली. मंग सांगतलं का लाईन आल्यावर ती 'भर' म्हणत उठली, तं मोटर सुरू होईन अन् वरचा गोळा तिले थांबवन. 'पुरे' म्हणत उठली, तं पाणी खालच्या गोळ्याच्या खाली गेल्यावर आपोआप सुरू होईन, तवापर्यंत जवळपास अर्धी टाकी पाणी आहेच. म्हंजे ती काही बी म्हणत उठो, टाकी वाहत नाई अन् गाव तहानलेलं राहत नाई. इहीर खाली असन तं मोटर लागतच नाई.

गुलाबसिंग तक्त्यापाशी आला. सोता बोट ठेवून सगळ्या ओळी पाह्यल्या. मंग पाटी पुसली.

तेवढ्यात सगळ्यांच्या माना एका टायमाले इहिरीकडं वळल्या. पुढच्या, मागच्या, लेकरांच्या, साऱ्या. मले काही आयकू आलं नाई, पण मी समजली. पाणी खालच्या गोळ्याखाली उतरलं होतं अन् मोटर सुरू झाली होती. किल्ली माह्या कमरेले होती, अन् मी वऱ्हांड्यात उभी होती. इहिरीपाशी कोणीच नव्हतं.

मंग माना परत माह्याकडं वळल्या. गुलाबसिंगनं पाटी खाली ठेवली अन् दोन्ही हात जोडले. आता पंचायत म्हणते किल्ली ताईपाशीच राहू द्या, अन् शेजारच्या दोन गावच्या टाक्या बी ताईनं पाहून द्याव्या. मी हो म्हटलं. तारा तू जोडशीन, तक्ता मी काढीन.

परीक्षेत किती पडले ते खरं कळव. तुह्या सरले माहा जयभीम.

तुही,
भागिरथा आत्या