वाळूखालची अंडी

प्रिय आई,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, हे आधी वाच. हिंडतेफिरते, जेवते. तुझा जावई स्वयंपाक करतो; मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही.

आई, बाळ राहिलं नाही. मागच्या आठवड्यात, पाचव्या महिन्यातच गेलं. फोनवर तुझा आवाज ऐकला की शब्द फुटत नव्हता, म्हणून लिहितेय. खोदकामावर दगड उचलल्यामुळे झालं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरी मी पुन्हा पुन्हा विचारलं.

सोमवारी कामावर गेले. कोट्यवधी वर्षांपूर्वी अंड्यांवर बसल्या बसल्या वाळूखाली गाडला गेलेला एक डायनोसॉर साफ करायला माझ्याकडे आला होता. ब्रश फिरवताना पसरलेले हात दिसले, हातांखाली अंडी.

"आई होती की बाप, हाडांवरून सांगता येत नाही," आमच्या मॅडम म्हणाल्या. "पण उठून पळालं नाही."

त्यांना माझं काहीच माहीत नव्हतं. मी तिथेच धाय मोकलून रडले. त्यांनी हातातला ब्रश काढून घेतला आणि नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

तुझा जावई नळ सोडून न्हाणीघरात रडतो. मला कळत नाही, असं त्याला वाटतं.

बाबांना तूच सांग. त्यांचे गुडघे कसे आहेत? इकडे यायची धडपड करू नकोस.

तू शिवायला घेतलेलं दुपटं मात्र उसवू नकोस, कुणाला देऊही नकोस. जेवढं झालं असेल तेवढंच पाठव. मला ते जवळ घेऊन झोपायचंय.

तुझीच,
धाकटी