तळ्यावरची पाटी

ताई,

आई-बाबांना नमस्कार, चिंगीला पापा. मी मजेत आहे. खोलीच्या खिडकीतून अख्खं तळं दिसतं. आईचा गुडघा कसा आहे?

अभयारण्यात सध्या नुसती जत्रा आहे. लोक अंगाला क्रीम चोपडून पाण्यात उतरतात. धक्क्यापाशी तवंग धरलाय, परवा बेडकांची पिल्लं मरून काठाला लागली.

तपासणीचं पाणी मीच भरतो. एकदा धक्क्यावरचं भरलं, तर साहेबांनी हसत हसत बाटली ओतून टाकली. "अरे, वर झरा आहे ना, तिथलं भर!" तेव्हापासून झऱ्याचं भरतो, पाटीवर 'पाणी स्वच्छ आहे' असं लिहितो आणि खाली सही करतो. ती वाचून आणखी लोक उतरतात. बाबांनी शब्द टाकून मिळवलेली नोकरी, सोडून कुठल्या तोंडाने येऊ? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

सुट्टीत चिंगीला घेऊन नक्की ये. फक्त तिला पाण्यात उतरू देऊ नकोस. आता तिला वाचता येतं. खाली मामाची सही बघून ती हट्टच धरेल. तेव्हा काहीतरी कारण तूच काढ, माझ्याच्याने होणार नाही.

तुझा,
धाकटा